उजेडाला धरून

पँट लांब झाली, असं मला वाटलं.
टाचेखाली येऊन कडा झिजायला लागली
तेव्हा जेलरोडच्या इस्माईल मास्तरांकडे नेली.
त्यांनी टेप लावली, पुन्हा लावली,
जुनी वही काढून बोटाला थुंकी लावत पानं उलटली.
"कापड वाढत नसतं, ताजनपुरेसाहेब,"
एवढंच म्हणाले,
आणि शिवणीचे पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर दोन महिन्यांनी बादली.
भरलेलीसुद्धा नव्हती.
वाकलो, आणि कमरेच्या वर
पापड मोडावा तसं बारीक काहीतरी वाजलं.
सुनेला वाटलं, बादलीची कडी तुटली.
मीही तेच सांगितलं.

चौतीस वर्षं प्रेसमध्ये कागद तपासला.
ताव उचलायचा, उजेडाला धरायचा,
जलचिन्ह दिसलं पाहिजे.
कुठे विरळ, कुठे सुईच्या टोकाएवढं भोक,
डोळ्यांच्या आधी अंगठ्याला कळायचं.
नापास ताव वेगळ्या गठ्ठ्यात.
त्यांचं पुढे काय होतं
हे विचारायची पद्धत नव्हती.

शरणपूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर कोठुळेंनी माझा फोटो उजेडाला धरला.
पोरगी तिशीची.
तिनं तोंड उघडायच्या आधी मीच म्हणालो,
"विरळ आहे."
"उणे तीन," ती म्हणाली, आणि रक्ताचा कागद काढला.
त्यातल्या एका आकड्याभोवती पेनानं गोल केला.
मथुरा शेजारीच बसली होती, म्हणून असेल,
आवाज जरा खाली घेतला.
पुरुषाचं संप्रेरक.
वयानं उतरतंच,
माझं जास्त उतरलं होतं.
माझा हात मिशीकडे गेला.
तिथं जाऊन त्याला काही सुचेना.

"पण गंमत सांगू, काका?
हाडं ते एकटं नाही सांभाळत.
त्यातलंच थोडं, शरीर
बायकांच्या संप्रेरकात बदलून घेतं.
पुरुषाची हाडं बरीचशी त्या थोड्यावर उभी असतात."

मथुरा पदराआड हसली.
पंधरा वर्षांपूर्वी तिचं मनगट मोडलं
तेव्हापासून तिच्या गोळ्यांना मी खडू म्हणायचो.
"खडू खाल्लास का गं?"
रोज सकाळी, खालच्या मजल्याला ऐकू जाईल असं.

येताना रिक्षावाल्याला म्हटलं, रामकुंडावरून घे.
उलटं पडतं, तो म्हणाला.
पडू दे.
एकोणऐंशी साली वडिलांना इथंच सोडलं.
म्हणतात, या पाण्यात हाडं विरून जातात,
तळाशी काही उरत नाही.
शेवटची आठ वर्षं ते जमिनीकडे बघत चालायचे,
काहीतरी सांडलंय आणि शोधतायत असे.
आम्ही म्हणायचो, वय.
त्यांना कुणी उजेडाला धरलंच नाही.

मी पाण्यात उतरलो नाही, पायरीवरच थांबलो.
"चला," मथुरा म्हणाली,
"तुमच्या विरघळायला अजून वेळ आहे.
आणि मीटर चालू आहे."

आता दर रविवारी सहाला
एकाच पाकिटातल्या दोन गोळ्या,
तिच्याही परत सुरू झाल्यात.
उपाशीपोटी, पेलाभर साधं पाणी.
मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही,
वाकायचं नाही,
चहाचं नाव काढायचं नाही.
आम्ही गॅलरीत उभे राहतो,
राष्ट्रगीत विसरलेल्या दोन पोरांसारखे.
समोर कुणाकडे दूध आलं, कुणाची गाडी सुरू होईना,
ती सांगत राहते.
इंजेक्शनचं बघू, असं डॉक्टर म्हणालीय,
ते आम्ही बोलत नाही.

लग्नात मी तिच्यापेक्षा वीतभर उंच होतो.
परवा तिनं पंजा माझ्या डोक्यावर सपाट ठेवला,
तसाच सरकवत स्वतःच्या डोक्यावर आणला.
बोटभर उतरला फक्त.

"किती झाली?"
"सतरा मिनिटं."
"बसू का?"
"बसलात तरी चालतं, पण ताठ.
त्यापेक्षा उभेच राहा.
मी पण उभी आहे."